कुपी हाती आल्यानंतर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपले सारे आयुष्य रुग्णसेवेत वेचले, आणि म्हणूनच विषयाची निवड चालकांनी माझ्यावर सोपवली तेव्हा साहित्य, इतिहास किंवा राजकारण यांच्याकडे न वळता एका औषधाविषयी बोलावे असे मी ठरवले. औषध हा सभेचा विषय आहे काय, तो दवाखान्याच्या चार भिंतींत राहिलेला बरा नव्हे काय, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती मी गैर मानणार नाही. परंतु २०२१ सालच्या मे आणि जून महिन्यांत, करोनाची दुसरी लाट आपल्या मुलखात थैमान घालीत असताना, अॅम्फोटेरिसिन हे नाव, जे तोपर्यंत वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्याही मुखी परीक्षेपुरतेच असे, ते वाळव्यापासून जतपर्यंत आणि पाटणपासून खटावपर्यंत खेड्यापाड्यांतील माणसांच्या तोंडी कसे आले? 'म्युकरचं इंजेक्शन कुठं मिळतंय का?' हा प्रश्न त्या दिवसांत ज्याने ऐकला नाही, किंवा स्वतः कोणाला विचारला नाही, असे घर सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत विरळाच असेल. एका कुपीसाठी माणसे मिरजेहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला धावली. बायकांच्या अंगावरचे सोने सावकाराकडे गेले. ज्या औषधाने इतक्या उंबरठ्यांवर पाय ठेवला त्याचा विचार सभेत करायचा नाही, तर कोठे करायचा?

त्या दिवसांत सर्वांचे चित्त एकाच प्रश्नावर खिळले होते: कुपी मिळेल काय? तो प्रश्न रास्त होता आणि त्यामागची तळमळही खरी होती. परंतु मला आज आपले लक्ष दुसऱ्या प्रश्नाकडे वेधायचे आहे, जो त्या घाईगर्दीत जवळजवळ विचारलाच गेला नाही: कुपी मिळाल्यानंतर काय? माझे प्रतिपादन असे आहे की या औषधाच्या बाबतीत कुपी हाती येते त्या घटकेला उपचाराला केवळ प्रारंभ होतो, आणि रुग्णाचे बरेवाईट पुढील काही आठवड्यांत, ते औषध कोणत्या रूपातले आहे, किती मात्रेने, कोणत्या पाण्यात मिसळून, किती तासांत दिले गेले आणि त्या काळात रक्ताची तपासणी किती वेळा झाली, यांवर ठरत असते.

आधी म्युकर या बुरशीच्या आजाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो आपणांपैकी पुष्कळांनी दुर्दैवाने जवळून पाहिला आहे. ही बुरशी परमुलखातून आलेली नाही. उसाच्या कुजत्या पाचटात, शेणखताच्या ढिगात, ओलसर मातीत आणि शिळ्या अन्नावर ती पिढ्यानपिढ्या नांदते आहे. तिचे बीजाणू आपण सारेच श्वासाबरोबर आत घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा परस्पर बंदोबस्त करते. एका माणसापासून दुसऱ्याला ती जडत नाही. मग त्याच उन्हाळ्यात ती का उसळली? रक्तातील बेसुमार वाढलेली साखर, करोनाने खालावलेली प्रतिकारशक्ती आणि त्यात भर म्हणून स्टिरॉइड, जे योग्य रुग्णाला योग्य वेळी प्राणदायी ठरले, पण कित्येकांना गरजेहून अधिक मात्रेने किंवा गरजेहून अधिक दिवस दिले गेले, या तिहींचा योग जुळला. नाकाशेजारच्या पोकळ्यांत शिरलेली बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदते, वाहिनी गुठळीने बंद पडते आणि तिच्या पलीकडचा भाग रक्तावाचून मरून काळा पडतो. गाल बधिर होतो, वरचे दात हलू लागतात, पापणी सुजते, एकाच्या जागी दोन दिसू लागतात. त्या वर्षी देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली, आणि २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना या आजाराची साथरोग कायद्याखाली दखल घेण्यास कळवले. तो कायदा १८९७ सालचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या धामधुमीत झालेला.

येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. जो भाग मेला तेथे रक्त जात नाही, आणि जेथे रक्त जात नाही तेथे शिरेतून दिलेले औषधही जात नाही. म्हणून मेलेला भाग शस्त्राने काढून टाकणे, साखर आटोक्यात आणणे आणि औषध देणे ही तिन्ही कामे एकत्र चालावी लागतात. यांपैकी एकाच्या भरवशावर राहून दुसऱ्या दोहोंत दिरंगाई केली तर कुप्यांची रास ओतली तरी उपयोग होत नाही. नाक-कान-घशाचे आणि दातांचे शल्यविशारद, नेत्रवैद्य आणि फिजिशियन यांनी मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथे रात्रीचे दिवस करून ही तिन्ही कामे निभावली, आणि त्यांचे ऋण या सभेत उच्चारल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

आता औषधाची कुळकथा. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील स्क्विब संस्थेच्या संशोधकांना दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात, ओरिनोको नदीच्या परिसरातून आणलेल्या मातीत एक सूक्ष्म जीव सापडला. त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस. त्याच्या अंगी बुरशीला मारणारे द्रव्य होते. तोवर बुरशी रक्तात किंवा मेंदूत शिरली की वैद्याने हात टेकायचे, हीच रीत होती. हे द्रव्य आले आणि प्रथमच अशा रुग्णाला वाचण्याची आशा उत्पन्न झाली. महाराष्ट्रानेही अशा औषधांच्या शोधात आपला वाटा उचलला आहे, हे मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, तेथील संशोधनशाळेत थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास पिंपरीच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे याच कुळातील बुरशीनाशक शोधून काढले. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक बच्छावत यांनी अॅम्फोटेरिसिनला मेदाच्या सूक्ष्म कणांत कोंडून कमी त्रासदायक करण्याचे काम केले, आणि त्यातून देशी बनावटीचे लायपोसोमल औषध रुग्णांपर्यंत पोहोचले. आपल्या विद्यापीठांतील आणि रुग्णालयांतील अशा कामांची नावे शाळेच्या पुस्तकांत असायला हवीत, असे मला मनापासून वाटते.

हे औषध बुरशीला कसे मारते? बुरशीच्या पेशीभोवतीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचे मेदद्रव्य असते. औषध त्याला जाऊन चिकटते, आवरणाला भोके पाडते, ते द्रव्यच त्यातून ओढून घेते, आणि आतले पोटॅशियमसारखे क्षार बाहेर झिरपून पेशी मरते. परंतु माणसाच्या पेशींच्या आवरणातही त्या द्रव्याचे सख्खे भावंड आहे, कोलेस्टेरॉल. औषधाची ओढ बुरशीकडे अधिक, माणसाच्या पेशीकडे कमी; कमी म्हणजे शून्य मात्र नव्हे. या औषधाचा गुण ज्या मुळातून येतो त्याच मुळातून त्याचा दोषही येतो. अमुक कंपनीचे घेतले म्हणून किंवा अमुक रुग्णालयात गेलो म्हणून त्रास होणारच नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. त्रास अपेक्षित धरून त्याची आगाऊ तजवीज करणे, हाच या औषधाच्या वापराचा पहिला नियम आहे.

येथून माझा खरा विषय सुरू होतो, आणि येथे मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे.

अॅम्फोटेरिसिन हे नाव एक, पण कुपीत त्याची रूपे निरनिराळी. जुने, साधे रूप पित्तातील एका क्षाराच्या आधाराने पाण्यात विरघळवलेले; दुसरे लायपोसोमल, म्हणजे मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत बसवलेले, जे १९९० पासून युरोपात प्रचारात आले; आणि तिसरी काही रूपे मेदाच्या अन्य मिश्रणांत. साध्याची आणि नेहमीच्या लायपोसोमलची कुपी पन्नास मिलिग्रॅमची, भुकटी पिवळसर, आणि वेष्टनावरील ठळक नाव तेच. परंतु मात्रा? साध्या रूपाची मात्रा रोजची, शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे एक मिलिग्रॅम, आणि काही झाले तरी दीड मिलिग्रॅमच्या वर जायचे नाही. लायपोसोमलची मात्रा म्युकरमध्ये दर किलोमागे पाच मिलिग्रॅम आणि मेंदूपर्यंत आजार पोहोचला तर त्याहूनही अधिक. आता साठ किलो वजनाचा एक शेतकरी डोळ्यांसमोर आणा. लायपोसोमल द्यायचे तर त्याला रोज तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे सहा कुप्या. साधे द्यायचे तर साठ मिलिग्रॅम, म्हणजे एक कुपी आणि दुसरीतला थोडा भाग. आणि रात्रपाळीच्या गडबडीत कोणी केसपेपरवरचा तीनशेचा आकडा पाहून साध्या औषधाच्या सहा कुप्या फोडल्या तर? मूत्रपिंडे निकामी होण्याची वेळ येण्याआधीच हृदय थांबण्याचे भय असते. अशा चुकांनी जगात माणसे दगावलेली आहेत, आणि म्हणून औषधाच्या पत्रकांवर या गोंधळाविरुद्ध ठळक इशारा छापलेला असतो.

तासगावच्या, मिरजेच्या किंवा खानापूरच्या द्राक्षबागायतदाराला हे मला अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. वेलीवरच्या दावण्या रोगासाठी बोर्डो मिश्रण करताना शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना हे प्रमाण तो काटेकोरपणे मोजतो; चुना कमी पडला आणि मिश्रणात आम्लता राहिली तर ज्या पानाला वाचवायचे तेच करपते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि म्हणून फवारणीआधी मिश्रण कागदाने किंवा खिळ्याने तपासल्यावाचून तो पंपाला हात लावीत नाही. जी दक्षता आपण वेलीसाठी घेतो तीच बापाच्या शिरेत जाणाऱ्या औषधासाठी का घेऊ नये?

२०२१ साली हा धोका कित्येक पटींनी वाढला, आणि त्याचे कारण तुटवडा. औषध जिल्ह्याला ठरलेल्या कोट्याने येई, मागणीपत्रे जात, आणि जे रूप ज्या दिवशी मिळेल ते घ्यावे लागे. एकाच रुग्णाला सोमवारी लायपोसोमल, गुरुवारी ते संपले म्हणून साधे, पुढच्या आठवड्यात मेदमिश्रणातले, असे घडण्याचा संभव अशा वेळी असतोच. प्रत्येक बदलाला नवी मात्रा, नवे पाणी, नवी वेळ आणि नव्या त्रासांची पूर्वतयारी लागते. जून २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील सागरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पंचवीसहून अधिक रुग्णांना इंजेक्शनानंतर थंडी वाजून ताप, उलट्या असा एकदम त्रास झाला, आणि देशभर बातम्या झळकल्या की औषधातच काही दोष असावा. परंतु ज्यांनी साधे अॅम्फोटेरिसिन पूर्वी वापरले होते त्यांना त्या वर्णनात नवे असे काही आढळले नाही. थंडी-ताप हा त्या रूपाचा परिचित आणि अपेक्षित त्रास आहे. रुग्णाला आणि नातेवाइकांना तो आधी कोणी सांगितला असता तर भय निम्मे झाले असते. अर्थात प्रत्येक त्रासाला अपेक्षित म्हणून झटकून टाकणेही तितकेच चुकीचे. औषधाच्या बॅचची चौकशी झालीच पाहिजे, आणि बनावट कुप्यांचा धोकाही खरा होता. दिल्लीत त्याच महिन्यात पोलिसांनी अशा बनावट कुप्यांचा साठा पकडला आणि पकडलेल्यांत डॉक्टरही निघाले. औषध कोणत्या दुकानातून आणि कोणत्या पावतीने आले, हे त्यामुळेच महत्त्वाचे.

मिश्रण करण्याची कृती जवळून पाहिली म्हणजे परिचारिकेच्या कामाचे मोल कळते. वॉर्डाच्या कोपऱ्यातील स्वच्छ टेबलावर सिस्टर कुपी घेतात, तिच्यावरचे रूप, बॅच आणि मुदत वाचतात, आणि निर्जंतुक शुद्ध पाणी तीत सोडतात. लायपोसोमल असेल तर पत्रकात सांगितल्याप्रमाणे अर्धा मिनिट जोराने हलवावे लागते, भुकटी पुरती मिसळली की नाही हे उजेडाकडे धरून पाहावे लागते, आणि मग सोबत दिलेल्या गाळणीतूनच ते सिरिंजने पुढच्या बाटलीत घालायचे. ती बाटली पाच टक्के डेक्स्ट्रोजची. नेहमीचे मिठाचे सलाईन येथे चालत नाही. त्यात औषध फुटून गढूळ होते आणि त्याचे कण शिरेत गेले तर अनर्थ ओढवतो. सलाईन चढवलेल्या नळीतून औषध द्यायचे झाले तर आधी डेक्स्ट्रोजने ती नळी धुवून घ्यायची. आणि तरीही हा नियम सर्व रूपांना सरसकट लागू नाही, कारण देशी बनावटीचे एक लायपोसोमल औषध मिठाच्याच पाण्यात तयार मिळते आणि देण्याआधी ते ध्वनिकंपनाच्या यंत्रात ठेवावे लागते. म्हणून स्मरणशक्तीवर विसंबून औषध मिसळू नये. दरवेळी हातातल्या कुपीचे पत्रक उघडावे, मग ती परिचारिका वीस वर्षांच्या अनुभवाची का असेना. त्यात तिच्या ज्ञानाचा अवमान नाही. उलट जाणती परिचारिकाच पत्रक आधी वाचते, असे मी पाहत आलो आहे.

मग वेळ. साधे औषध दोन ते सहा तासांत, बहुधा चार तासांहून अधिक, सावकाश. लायपोसोमल सुमारे दोन तासांत. घाईने सोडले तर पेशींतील पोटॅशियम एकदम रक्तात उतरून हृदयाचा ठोका चुकू शकतो. मुक्कामाची एस.टी. चुकेल, रात्र होईल, दुसरा रुग्ण थांबला आहे, म्हणून 'जरा जोरात सोडा' असे सांगणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांची अडचण खोटी नसते. पण या सुईला घाई सोसत नाही.

थंडी-तापाचे म्हणाल तर तो साध्या औषधाने पहिल्या काही दिवसांत हमखास भेटतो. औषध सुरू होऊन तास-दोन तास झाले की रुग्णाला हुडहुडी भरते, दात वाजू लागतात, खाट हलते, मग ताप चढतो, मळमळते, कधी रक्तदाब उतरतो. दाराशी उभी असलेली लेक घाबरून जाते, आणि तिचे घाबरणे स्वाभाविक आहे. आधी पॅरासिटामॉल व अॅलर्जीची गोळी, गरज पडल्यास थोडे हायड्रोकॉर्टिसोन, हुडहुडी अनावर झाली तर पेथिडिन, आणि औषधाचा वेग कमी करणे, हे उपाय ठरलेले आहेत. पहिल्या दिवशी एक मिलिग्रॅमची चाचणी मात्रा देऊन दर अर्ध्या तासाने नाडी, ताप व रक्तदाब पाहण्याची जुनी पद्धत याचसाठी होती. पुढील दिवसांत हा त्रास बहुधा उतरत जातो. लायपोसोमलमध्ये तो पुष्कळ कमी. परंतु पहिल्या काही मिनिटांत छाती आवळणे, धाप लागणे, कमरेत किंवा कुशीत तीव्र कळ येणे असे काही झाले तर औषध तत्काळ थांबवून डॉक्टरांना बोलवावे. शिरही दुखावते, हात सुजून लाल दोरीसारखा व्रण उमटला तर जागा बदलावी लागते, आणि उपचार आठवड्यांचा असल्याने पुष्कळदा छातीजवळच्या मोठ्या शिरेत नळी बसवतात.

ही सारी दिसणारी दुखणी झाली. न दिसणारे दुखणे मूत्रपिंडांचे, आणि त्यावरच या औषधाचा सारा डाव अवलंबून असतो.

औषध मूत्रपिंडांकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्यांना आकुंचित करते आणि गाळणीनंतरच्या नलिकांच्या पेशी दुखवते. लघवी नेहमीसारखी होत असते, माणूस बसून चहा पीत असतो, आणि आत रक्तातील क्रिएटिनिन, मूत्रपिंडे दुखावल्याची खूण, चढत असते. नलिका दुखावल्या म्हणजे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातात. रक्तातील पोटॅशियम साधारण साडेतीन ते पाच या मर्यादेत असावे लागते. ते खाली घसरले की पिंडऱ्यांत गोळे येतात, पायांतील शक्ती जाते, पोट फुगते, आणि फारच उतरले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात. आपल्याकडे अशा वेळी नारळपाणी आणि केळी आणून देण्याची माया दिसते. ती माया मोलाची, पण या औषधाने होणारी गळती तेवढ्याने भरून निघत नाही. त्यासाठी मोजून दिलेले पोटॅशियम लागते. आणि एक बारीक गोष्ट, जी पुष्कळदा नजरेतून सुटते: मॅग्नेशियम उतरलेले असले तर पोटॅशियम कितीही द्या, ते टिकत नाही. दोन्ही एकत्र मोजावी लागतात.

याला इलाज काय? पहिला, पाणी आणि मीठ. ज्यांचे हृदय ते सोसू शकेल अशा रुग्णाला औषधाआधी अर्धा ते एक लिटर मिठाचे सलाईन दिले तर मूत्रपिंडांचे बरेच रक्षण होते. हा उपाय स्वस्त आहे, खेड्यातील रुग्णालयातही होण्याजोगा आहे आणि तरीही विसरला जातो. दुसरा, सोबतची औषधे. जेंटामायसिन आणि अॅमिकासिनसारखी प्रतिजैविके, सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिला जाणारा रंग, आणि डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या या सर्वांचा भार त्याच मूत्रपिंडांवर पडतो. सगळी एकदम नकोत. दाढ दुखते म्हणून घरून आणलेली गोळी उशाखालून काढून रुग्णाला देणारा भाऊ वाईट नसतो, पण त्याला कोणी सांगितलेले नसते. स्टिरॉइडने पोटॅशियम आणखी उतरते, आणि पोटॅशियम उतरलेले असताना हृदयाची डिगॉक्सिनची गोळी विषासारखी वागते. तिसरा, तपासणी. सुरुवातीच्या दिवसांत क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज किंवा एक दिवसाआड, आणि आठवड्यातून हिमोग्लोबिन व यकृताच्या तपासण्या. कारण हे औषध मूत्रपिंडांतून निघणारा रक्तवर्धक संदेशही मंदावते आणि रुग्ण हळूहळू पांढरा पडतो. क्रिएटिनिन दुपटीच्या आसपास गेले तर थांबावे की रूप बदलावे, हा निर्णय डॉक्टरांचा. पण आकडा समोर असेल तरच तो निर्णय होणार. बहुतेक रुग्णांची मूत्रपिंडे औषध थांबल्यावर पूर्वपदावर येतात. साध्या औषधाची एकूण मात्रा चार-पाच ग्रॅमच्या पलीकडे गेली तर कायमची इजा राहण्याचे भय असते, म्हणून रोजची मात्रा लिहिताना आजवरची बेरीजही शेजारी लिहीत जावी.

हे असे असताना लायपोसोमलच सर्वांना का देऊ नये? देता आले तर द्यावेच. पण साठ किलोच्या माणसाला रोज सहा कुप्या, तीन-चार आठवडे, म्हणजे सव्वाशे ते पावणेदोनशे कुप्या. आणि एका कुपीची किंमत तेव्हा कित्येक हजारांत. मे २०२१ अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने हे औषध काढून बाराशे रुपयांना देऊ केले, जून महिन्यात त्यावरील वस्तू व सेवा कर शून्यावर आणला गेला, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचाराची सोय झाली. या गोष्टींनी खूप घरे बुडण्यापासून वाचली. तरीही गरीब माणसाच्या वाट्याला साधे औषध यायचेच, आणि ते येणे हा अपराध नाही. सलाईन, सावकाशी आणि रक्ततपासणी या तिहींची जोड दिली तर साध्या औषधानेही माणसे वाचली आहेत. बिहारमध्ये काळा आजार या निराळ्या रोगासाठी तेच औषध वर्षानुवर्षे वापरले गेले, पुढे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुजफ्फरपूरला दाखवून दिले की लायपोसोमलची दर किलो दहा मिलिग्रॅमची एकच मात्रा त्या आजाराला पुरते, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाने ती पद्धत स्वीकारली. रूप बदलले, आजार बदलला, की मात्रेचे गणित किती बदलते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

नातेवाइकांनी यात काय करावे, असे मला गावोगावी विचारतात. डॉक्टरांवर अविश्वास दाखवावा असे मी कधीच म्हणणार नाही. पण एक वही ठेवावी. मिरजेच्या वॉर्डाबाहेर एक मुलगी अशी वही घेऊन बसलेली मी पाहिली. शाळेची दोनशे पानी वही, पट्टीने आखलेल्या उभ्या रेघा: तारीख, कुपीचे रूप, किती कुप्या, केव्हा सुरू, केव्हा संपले, लघवी किती, क्रिएटिनिन, पोटॅशियम. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ती वही मागून घेतली, चष्मा वर करून वाचली आणि त्या दिवशीची मात्रा तिथेच बदलली, कारण केसपेपर रक्ताचा अहवाल यायच्या आधीचा होता आणि वहीत तो चढवलेला होता. 'आज कोणतं आलंय, साधं की लायपोसोमल?', 'आधी सलाईन लावलं का?', 'पोटॅशियम किती आलं?' हे तीन प्रश्न नम्रतेने विचारण्याचा अधिकार प्रत्येक मुलाला आणि मुलीला आहे, आणि सुजाण डॉक्टर त्याने रागावत नाही. मी तर म्हणेन, त्याला आधारच वाटतो.

रुग्णालयांसाठीही माझी एक विनंती आहे, आणि ती या दोन्ही जिल्ह्यांतील सरकारी व खाजगी व्यवस्थापनांना आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उघडले तेव्हापासून कर्नाटक, कोकण आणि दक्षिण महाराष्ट्रातील माणूस मोठ्या विश्वासाने या भूमीकडे येतो. १९६२ साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले, कराडला कृष्णा रुग्णालय उभे राहिले. या परंपरेला साजेशी एक साधी गोष्ट आपण करू शकतो. साधे आणि लायपोसोमल औषध फ्रिजच्या एकाच कप्प्यात ठेवू नये. वेगळे कप्पे, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या. औषधाच्या दप्तरात नुसते 'अॅम्फो' असे लिहिण्याची सवय सोडून पूर्ण नाव, रूप आणि दर किलो मात्रा लिहावी. आणि दर किलो दीड मिलिग्रॅमच्या वरचा कोणताही हुकूम आला की औषध देणाऱ्या फार्मासिस्टने थांबून डॉक्टरांना फोन करून खात्री करावी. तो फोन आला म्हणून कोणी त्याच्यावर डाफरू नये. याला पैसा लागत नाही. आपत्ती नसताना ही सवय अंगवळणी पडली तरच आपत्तीत ती टिकते.

घरी जाताना रुग्णाला पोसॅकोनाझोल या बुरशीनाशकाच्या गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागतात, टाळूचा भाग गेला असेल तर कृत्रिम टाळू बसवून घ्यावा लागतो, साखरेची तपासणी जन्माची होते. पण डिस्चार्ज कार्डावर आणखी तीन ओळी असाव्यात, अशी माझी मागणी आहे: अॅम्फोटेरिसिन कोणत्या रूपात आणि एकूण किती ग्रॅम मिळाले, घरी सोडताना क्रिएटिनिन व पोटॅशियम किती होते, आणि पुढची रक्ततपासणी कोणत्या तारखेला. दोन वर्षांनी हाच माणूस कंबर दुखते म्हणून कोरेगावच्या किंवा कवठेमहांकाळच्या दवाखान्यात जाईल, आणि तेथील डॉक्टर दुखण्याची गोळी लिहिण्याआधी ते कार्ड मागतील. आपल्या घरी असा कोणी असेल, आणि त्या कार्डावर या ओळी नसतील, तर ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथील नोंदणी खात्यातून त्या या आठवड्यातच मागून घ्या.